पाच फुटांच्या माणसासाठी जुनी एमटीबी: स्टील की अॅल्युमिनियम?

उंची पाच फुटांच्या आसपास असेल आणि नव्वदच्या दशकातली, सस्पेन्शन नसलेली माउंटन बाइक बांधायचं मनात असेल, तर कोकणात सल्ला ठरलेला: "स्टील नको, खारं वारं खाईल." सल्ला खोटा नाही, पण फ्रेम निवडताना तो दुसऱ्या नंबरचा.

पहिला नंबर मापाचा. जुन्या फ्रेमवरचा १५ किंवा १६ इंच हा आकडा सीट ट्यूबचा, म्हणजे सीटखालच्या उभ्या नळीचा, आणि तोही कुणी वरच्या टोकापर्यंत मोजतं, कुणी टॉप ट्यूबच्या (सीटकडून हँडलकडे जाणाऱ्या वरच्या नळीच्या) मध्यापर्यंत. त्यावर जाऊ नका, टॉप ट्यूबला टेप लावा. त्या काळी स्टेम, म्हणजे हँडल धरणारा पुढचा तुकडा, लांबलचक, १२० ते १३५ मिलिमीटरचं असे. ते काढून ६० चं घातलं की हँडल सहा-सात सेंटिमीटर जवळ येतं. त्यानंतरही हँडल लांबच पडत असेल तर फ्रेम सोडा. सीट पुढे ढकलून भागवलं की गुडघे कुरकुरणारच.

माप दोन्हींचं सारखं जमत असेल, तरच धातूचा प्रश्न. अॅल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही, वजनही बहुधा कमी. पण जोडाशी तडा गेला की कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याचं ते काम नव्हे. क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या) स्टीलला चांगला कारागीर पितळेची झाळ देऊ शकतो. स्टीलचा गंज बाहेरून दिसतो तेवढा वाईट नसतो. घात होतो आतून. पावसाचं पाणी सीटपोस्टवरून (सीटच्या दांड्यावरून) उतरून खाली बॉटम ब्रॅकेटपाशी, म्हणजे पेडलचा आस बसतो तिथे, साचतं. शिवाय अॅल्युमिनियमचा सीटपोस्ट स्टीलच्या नळीत, मध्ये खारी ओल: वर्षभर हलवला नाही तर असा धरतो की शेवटी करवत लागते. म्हणून आगोटीच्या कामांतच सीटपोस्ट काढणं, नळी पुसणं, आत तेल फिरवणं आणि ग्रीस लावून परत बसवणं धरायचं. एवढं करणार असाल तर माझं मत स्टीलला. सायकल पावसाळाभर पडवीत भिजत पडणार असेल, तर निमूट अॅल्युमिनियम घ्या.

धातू कुठलाही असो, क्रँक, म्हणजे पेडल धरणारे दांडे, बदलाच. जुन्या सायकलला बहुधा १७५ मिलिमीटरचे असतात. १५५ चे बसवले तर सीट २० मिलिमीटर वर घेता येते आणि वरच्या टप्प्यावर गुडघा ४० मिलिमीटर कमी दुमडतो. दाभोळ-धोपावेच्या फेरीबोटीतून उतरल्यावर लगेच चढ लागतो, तिथे हा फरक पायांना कळतो. मात्र छोट्या क्रँकने तरफ कमी होते, म्हणून पुढची सर्वांत लहान चकती २२ दातांची आणि मागे ३४ दातांपर्यंतची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) हवी. (इंग्लिश आट्यांचा बॉटम ब्रॅकेट खोलताना उजवा कप उलट्या आट्यांचा असतो, उगाच जोर लावू नका.)

चाकं २६ इंचीच ठेवा. सायकल बुटकी करायला २४ इंची घालायचा मोह होतो, पण रिम २६ मिलिमीटरने आत जाते, ब्रेकचे रबर तिथे पोचत नाहीत, आणि पेडल तेवढंच खाली येऊन जांभ्याच्या पायरीवर घासतं. त्या पैशांत व्ही-ब्रेक आणि त्यांचेच लिव्हर घ्या. लिव्हर हँडलच्या जवळ आणायचा स्क्रू असलेले बघा, म्हणजे आरे-वारेच्या उतारावर लहान हातालाही दोन बोटांत ब्रेक लागतो.