३४९ रुपयांची पत्रिका आणि पाहुणा ळ

दिराच्या मुलीचं लग्न ठरलं आणि "तुला फोटोशॉप येतं की!" म्हणून पत्रिका माझ्या गळ्यात पडली. येतं म्हणजे काय, कॉलेजनंतर सहा महिन्यांचा डीटीपीचा (संगणकावर छपाईची पानं जुळवण्याचा) कोर्स केला होता. आता पतसंस्थेत काउंटरवर बसते. कोऱ्या पानावर मोर-तोरणं काढणं मला जमणारं नाही, म्हणून ऑनलाइन तयार टेम्प्लेटचा संच घेतला. ३४९ रुपयांत १२ पीएसडी, म्हणजे फोटोशॉपच्या फायली. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, एका संचावरून कुणाला झोडपण्यात अर्थ नाही.

आधी चांगलं सांगते. फाइल खरोखर छपाईच्या मापाची होती: ५ बाय ७ इंच, ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके), म्हणजे १५०० बाय २१०० पिक्सेल. दुसरं, वधूवरांच्या फोटोची जागा स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये केलेली. लेयरच्या (फाइलमधल्या एकेका थराच्या) छोट्या चित्रावर दोनदा क्लिक केलं की वेगळी फाइल उघडते, त्यात आपला फोटो टाकायचा, कंट्रोल-एस दाबायचं आणि मूळ फाइलवर परत यायचं. फोटो चौकटीत बसलेला असतो, सोनेरी किनार आणि सावलीसकट. आम्ही चार वेळा फोटो बदलला (नवऱ्या मुलाला स्वतःची दाढी पसंत पडेना) आणि चारही वेळा दोन मिनिटांत काम झालं. एवढ्यासाठी ३४९ वसूल.

रडकथा सुरू झाली ती अक्षरांपाशी. फाइल उघडल्या उघडल्या फॉन्ट सापडत नसल्याची सूचना. सोबतच्या फोल्डरमध्ये एकच फॉन्ट, तो फक्त शीर्षकाचा. बाकीचा मजकूर जुन्या, युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या हिंदी फॉन्टमध्ये टाइप केलेला, त्यामुळे 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि स्वल्पविरामांची खिचडी. ते सगळं पुसून युनिकोडमध्ये नव्यानं टाइप केलं, तर वेलांट्या भलत्याच जागी आणि जोडाक्षरं मोडलेली. 'चि.'ची वेलांटी च सोडून पलीकडे! हा दोष संचाचाही नाही आणि फोटोशॉपचाही नाही, माझ्या कोर्समध्ये हे शिकवलंच नव्हतं. देवनागरी नीट जुळायला परिच्छेदाच्या पॅनलच्या मेन्यूत 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडावं लागतं. तेही जुन्या टेम्प्लेटमधल्या प्रत्येक मजकुराला वेगवेगळं, कारण प्रत्येकानं आपली जुनी सेटिंग धरून ठेवलेली असते. हे कळायला माझा एक रविवार गेला.

मग शीर्षकाचा दिमाखदार फॉन्ट. 'हल्दी' फार देखणं दिसत होतं. मी त्याचं 'हळद' केलं आणि ळ एकटाच बारीक, दुसऱ्याच वळणाचा आला. त्या फॉन्टमध्ये ळ नव्हताच, फोटोशॉपनं दुसऱ्या फॉन्टमधून आणून बसवला होता. आम्ही राहतो कऱ्हाडला. पत्त्यातल्या ऱ्ह चीही तीच गत. ल आणि श हिंदी वळणाचे, हे तर सासूबाईंनी चष्मा न लावता ओळखलं. "हा ल आपला नाही गं," म्हणाल्या. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवायच्या, त्यांच्यापुढे काय बोलणार?

शेवटी गूगल फॉन्ट्सवर शोधाशोध केली. 'यात्रा वन' मला आवडला, मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून बेतलेला आहे. सासूबाईंनी पाहिला आणि विचारलं, "लग्न आहे की गाडी सुटणारे?" मग 'तिरो देवनागरी मराठी' घेतला. फुकट मिळतो, ल-श आपल्या वळणाचे आणि ळ घरचाच. नक्षीशेजारी थोडा साधा दिसतो खरा, पण पत्रिका वाचायची असते.

लेयरच्या नावांबद्दल काय बोलावं! 'लेयर ४७ कॉपी ३'. तुळशीचं पान हलवायला गेले आणि गणपती सरकला. पहिला तास नुसता लेयर लपवायचं-दाखवायचं डोळ्याचं चिन्ह बंद-चालू करून काय कुठे आहे ते शोधण्यात गेला. सापडेल त्याला नाव देत गेले, म्हणून पुढे निभावलं.

निमंत्रकांसाठी जागा चार नावांची. आमच्याकडे नावं १७, आणि एकही गाळायची सोय नाही. फोटोची चौकट लहान केली, खालची कमळं काढली, 'आहेर आणू नये' ही ओळ मागच्या बाजूला नेली, तेव्हा कुठे आत्या-मावश्या मावल्या.

छापखान्यात गेल्यावर काका म्हणाले, "ताई, कटिंगला जागा कुठाय?" चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जास्त हवे होते, म्हणजे साधारण ३५ पिक्सेल. मागची नक्षी एकसंध चित्र असल्यामुळे ती ताणावी लागली, कोपऱ्यातले मोर किंचित जाडे झाले. फाइल आरजीबीत (पडद्याच्या रंगांत) होती, सीएमवायके (छपाईच्या शाईचे रंग) केल्यावर झगमगता लाल विटकरीकडे झुकला. काकांनी आधी एक प्रत काढून दाखवली म्हणून वाचलो, मी रंग सुधारून दुसऱ्या दिवशी फाइल दिली.

पाचपैकी तीन तारे. फोटोशॉप येत असेल आणि दोन रविवार मोकळे असतील तरच घ्या. घेण्याआधी विकणाऱ्याला एकच विचारा: 'हळद, कऱ्हाड, शालिनी' एवढं शीर्षकाच्या फॉन्टमध्ये टाइप करून फोटो पाठवता का? मी आता विचारला, दोन दिवस झाले, उत्तर नाही.