फिश ऑइल कॅप्सूल: डबीची मागची बाजू आधी वाचा
आईची केमो सुरू होती, वजन झरझर उतरत होतं, म्हणून ही डबी आणली. पुढे ठसठशीत ‘1000 मिग्रॅ’. मागची बारीक अक्षरं वाचली तर ईपीए 180, डीएचए 120 (माशाच्या तेलातल्या ओमेगा-3 या उपयोगी चरबीचे हे दोन प्रकार); म्हणजे कामाचं ओमेगा-3 जेमतेम 300! कॅप्सूलही केवढी मोठी. तोंड आलेलं, गिळताना आईच्या डोळ्यांत पाणी यायचं. विक्रेत्याने ‘कॅन्सर रोखते’ असं छातीठोक सांगितलं, त्याचा राग अजून जात नाही. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘व्हायटल’ या 25,871 जणांच्या चाचणीत रोज 1 ग्रॅम ओमेगा-3 घेणाऱ्यांमध्येही कॅन्सरचं प्रमाण घटलं नव्हतं. केमोत भूक आणि वजन टिकावं म्हणून मात्र डॉक्टर कधीकधी ते सुचवतात. आमच्या डॉक्टरांनी आधी प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) पाहिल्या, मगच हो म्हटलं.