ग्रामपंचायत, नगरपरिषद, संस्था की निवडणूक? स्थानिक कामात उतरण्याआधी

गावाच्या टाकीत पाणी चढत नाही, ही एकच अडचण घ्या. सरपंच मासिक सभेत ठराव घेतो. ग्रामपंचायत अधिकारी अंदाजपत्रकात तरतूद शोधतो आणि नंतर बिल काढतो. गटविकास अधिकारी अडलेला प्रस्ताव पुढे सरकवतो. स्वयंसेवी संस्थेची कार्यकर्ती गावातल्या बायकांना ग्रामसभेत बोलतं करते. पाणी आलं तर श्रेय चौघांचं, पण चौकशी लागली तर नोटीस त्यातल्या एक-दोघांनाच जाते. त्यामुळे ‘समाजसेवेची आवड आहे’ एवढ्या भांडवलावर वाट ठरवू नका. तीन गोष्टी विचारा: कागदावर सही कोणाची, पैसा कुठून येतो आणि तुम्हाला तिथून हलवू कोण शकतं?

| वाट | सही | पैसा | कोण हलवतं |
|---|---|---|---|
| ग्रामपंचायत अधिकारी | दाखले, दप्तर, देयकं | जिल्हा परिषदेचा पगार | जिल्हा परिषद, सहसा जिल्ह्यातच |
| नगरपरिषद राज्यसेवा संवर्ग | आपल्या विभागापुरती | शासनमान्य वेतनश्रेणी | शासन, दूरच्या जिल्ह्यातही |
| महापालिका | विभागापुरती | महापालिकेचा पगार | महापालिका, शहरातल्या शहरात |
| गटविकास अधिकारी, मुख्याधिकारी | कार्यालयप्रमुखाची | शासनाचा पगार | शासन, राज्यभर |
| संस्था | सरकारी कागदावर नाही | प्रकल्पाचा निधी | प्रकल्पाची मुदत |
| सरपंच, सदस्य | ठराव. देयकांवर सरपंचाचीही | मानधन, भत्ता | मतदार, सोडत, अपात्रता |

तलाठी या तक्त्यात का नाही? कारण तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) महसूल खात्याचा माणूस. सातबारा त्याचा, घराच्या आकारणीचा नमुना ८ ग्रामपंचायतीचा. परीक्षेचा अभ्यास बराचसा सारखा असल्याने मुलं दोन्हीकडे अर्ज करतात, त्यात चूक नाही. पण तलाठी होऊन गावचा विकास आराखडा हातात येईल, असं समजू नका.

ग्रामपंचायत अधिकारी

सप्टेंबर २०२४ मध्ये ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदं एकत्र करून हे नाव आलं. गावात अजून ‘ग्रामसेवक’ किंवा ‘भाऊसाहेब’च चालतं. नेमणूक जिल्हा परिषदेची असते. ग्रामपंचायतीचे स्वतःचे कर्मचारी, म्हणजे शिपाई, लिपिक, पाणी सोडणारे, हे वेगळे. त्यांचं वेतन बऱ्याच अंशी गावच्या वसुलीला बांधलेलं असतं. जिल्हा परिषदेच्या भरतीत त्यांच्यासाठी १० टक्के जागा राखीव असतात.

२०२३ मध्ये जिल्हा परिषदांनी गट-क च्या १९,४६० जागांची भरती एकत्र काढली. त्यात या पदासाठी बारावीला ६० टक्के, किंवा अभियांत्रिकी पदविका, कृषी पदविका, समाजकार्याची पदवी यांपैकी एक पात्रता आणि संगणकाचं प्रमाणपत्र लागत होतं. १०० प्रश्नांना २०० गुण, मुलाखत नाही. चाळीस प्रश्न तांत्रिक भागावर. सामान्य ज्ञानावर सगळा जोर देणारे इथेच मागे पडतात.

घरखर्चाचा हिशोब करताना पहिली तीन वर्षं विसरू नका. तेवढा काळ कंत्राटी म्हणून दरमहा १६,००० रुपये मानधन आणि त्यानंतर २५,५००–८१,१०० ही श्रेणी. वडील निवृत्त, धाकट्या भावाचं शिक्षण चालू, अशा घरात ही तीन वर्षं जड जातात. जिल्हाही विचारपूर्वक निवडा. जागा जास्त दिसल्या म्हणून परका जिल्हा घेतला आणि पुढे आंतरजिल्हा बदली मागितली, तर सेवाज्येष्ठता मागे सोडावी लागते.

काम समजून घ्यायचं तर ग्रामपंचायतीचे १ ते ३३ नमुने बघा. नमुना ५ रोकडवही, ८ आकारणी, ९ मागणी, १० कराची पावती. या नोकरीत लोक बुडतात ते बहुतेक वेळा लबाडीने नाही, आळसाने. दोन जागा ठरलेल्या आहेत.

पहिली जागा म्हणजे कार्यभार घेण्याचा दिवस. आधीचे भाऊसाहेब घाईत असतात, सरपंच म्हणतो “घ्या हो, नंतर बघू”, आणि नवा माणूस यादी न करता सही ठोकतो. त्या सहीआधी रोकडवहीतली शिल्लक बँकेच्या उताऱ्याशी जुळवा. कोऱ्या पावती पुस्तकांचे अनुक्रमांक लिहून घ्या. नमुना ९ मधली थकबाकी, साठा नोंदवही, अर्धवट कामांच्या मोजमाप पुस्तिका आणि प्रलंबित लेखापरीक्षण आक्षेप यांची यादी करा. जे मिळालं नाही ते ‘मिळाले नाही’ असं लिहून गटविकास अधिकाऱ्याला कळवा. एवढं केलं नाही तर तीन वर्षांनी लेखापरीक्षक आधीच्या माणसाची तूट तुमच्याकडे मागतो.

दुसरी जागा डिजिटल सही. ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावरून देयक द्यायला सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी अशा दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. अनेक ठिकाणी या सह्यांच्या दोन्ही चाव्या (पेनड्राइव्हसारखी टोकन) संगणक चालवणाऱ्या मुलाच्या खणात पडलेल्या असतात, पासवर्ड चिठ्ठीवर. मग मोजमाप नोंदलेलं नसताना बिल जातं आणि जबाब तुम्हाला द्यावा लागतो. चावी खिशात ठेवायची, मग सरपंचाला राग आला तरी चालेल.

त्याशिवाय रोजचा ताण आहे तो वेगळाच. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१–२६ या काळात ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता आणि ४० टक्के अबंधित. गावाला हवा असतो काँक्रीट रस्ता. ‘पैसे आलेत मग देत का नाही’ याचं उत्तर दर ग्रामसभेत उभं राहून द्यावं लागतं. वर्षात किमान चार ग्रामसभा. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यात जी संख्या कमी असेल ती. गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेला पुन्हा गणपूर्ती लागत नाही, पण नवा विषय तिथे घेता येत नाही. घेतला की तक्रार ठरलेली. जन्म-मृत्यूची नोंद तुमच्याकडे (वर्दीची मुदत २१ दिवस). माहिती अधिकारात ३० दिवस चुकले तर दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० दंड. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात ५०० ते ५,००० रुपये. एका माणसाकडे दोन-तीन गावांचा अतिरिक्त कार्यभार असला की या मुदती आपोआप निसटतात. म्हणून वह्या रोजच्या रोज भरणाऱ्या माणसालाच ही नोकरी मानवते.

नगरपरिषद आणि महापालिका

इथे काम विभागून मिळतं. नगरपरिषद राज्यसेवेत स्थापत्य, विद्युत, संगणक आणि पाणीपुरवठा अभियंता, लेखा व लेखापरीक्षण, कर निर्धारण व प्रशासन, अग्निशमन, स्वच्छता निरीक्षक असे संवर्ग आहेत. २०२३ च्या जाहिरातीत गट-क च्या १,७८२ जागा होत्या. अभियंत्याची श्रेणी ३८,६००–१,२२,८००. ग्रामपंचायत अधिकाऱ्यापेक्षा सुरुवात चांगली, पण बदली एका जिल्ह्यापुरती राहत नाही.

नवख्याने ‘अ’ वर्गाची (एक लाखावर लोकसंख्येची) नगरपरिषद मिळावी म्हणून धडपडू नये, असं आमचं मत आहे. मोठ्या ठिकाणी पाच वर्षं एकाच टेबलावर जातात. चाळीस हजारांच्या आतल्या ‘क’ वर्गात एकच अभियंता सकाळी गळती शोधतो, दुपारी बांधकाम परवानगी तपासतो, संध्याकाळी निविदेची कागदपत्रं लावतो. दमछाक होते, पण तीन वर्षांत अख्खी नगरपरिषद कळते. गोची अशी की वर तपासणारा अनुभवी माणूस नसल्याने चूक उशिरा सापडते.

कर निर्धारण हा संवर्ग लोकांना निरुपद्रवी वाटतो. दर चार वर्षांनी होणाऱ्या फेरआकारणीपर्यंत तो तसा असतोही. मग नोटिसा, हरकती, सुनावण्या आणि जुन्या मोजमापांतले घोळ एकदम अंगावर येतात. त्या वर्षात रजा विसरा.

महापालिकेची भरती बहुतेक स्वतंत्र. घर शहरातच असेल आणि कुटुंब हलवणं शक्य नसेल, तर सहसा हीच निवड बरोबर. समाजकार्याची पदवी असलेल्यांनी महापालिकांच्या समाजविकास विभागातल्या समूहसंघटकांच्या जागांवर लक्ष ठेवावं. वस्तीतलं काम आणि पगारी नोकरी एकत्र मिळण्याच्या जागा कमीच.

राज्यसेवेतून मुख्याधिकारी किंवा गटविकास अधिकारी

अधिकार हवा तर महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेची ही वाट. गट-अ ची श्रेणी ५६,१००–१,७७,५००. २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली: लेखी १,७५० गुण आणि मुलाखत २७५. वयाची मर्यादा खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३, आणि नेमकी हीच सवलत घात करते. ‘अजून वय आहे’ म्हणत तिशी उलटते आणि हातात ना नोकरी, ना कामाचा अनुभव. वरच्या दोन नोकऱ्यांपैकी एक धरून ही परीक्षा देता येते. ग्रामपंचायतीत बसून गटविकास अधिकाऱ्याची परीक्षा देणाऱ्याला मुलाखतीत सांगायला खरं काहीतरी असतं.

संस्था

सरकारी कागदावर सही नाही, त्यामुळे चौकशीची टांगती तलवारही नाही. विषय खोलवर शिकायला मिळतो. पण संस्था आणि संस्थेत फरक असतो आणि तो भिंतीवरच्या फोटोंवरून कळत नाही. रुजू होण्याआधी हे विचारा:

- धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक आणि मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशोब आहेत का?
- विश्वस्त बदलले तेव्हा ९० दिवसांत बदल अर्ज दाखल झाला का? जिथे विश्वस्तांचा वाद चालू आहे तिथे बँकेचं खातं कधी अडकेल सांगता येत नाही.
- आयकराच्या १२अ आणि ८०जी नोंदणीची मुदत किती उरली? नियमित नोंदणी साधारण पाच वर्षांची (१२अ ची लहान संस्थांना एप्रिल २०२५ पासून दहा वर्षांची), तात्पुरती तीन वर्षांची असते.
- तुमचं पद कोणत्या प्रकल्पात आहे आणि त्याचे किती महिने शिल्लक आहेत?
- भविष्य निर्वाह निधी कापला जातो का? वीस किंवा अधिक कर्मचारी असतील तर तो लागू होतो.

चौथ्या प्रश्नाला गोलमोल उत्तर मिळालं तर थांबा. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचं चक्र बहुधा आर्थिक वर्षाचं, म्हणून मार्चमध्ये संस्थांत चेहरे उतरलेले दिसतात. परदेशी देणगीवर चालणाऱ्या संस्थांना २०२० च्या दुरुस्तीनंतर त्या निधीतला २० टक्क्यांपेक्षा जास्त भाग प्रशासनावर खर्च करता येत नाही. पूर्वी ही मर्यादा ५० होती. म्हणून क्षेत्रावर जागा निघतात, कार्यालयात कमी. पहिली दोन-तीन वर्षं मोटारसायकल आणि गावं, हे गृहीत धरा.

‘उमेद’सारख्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातली पदं नावाने सरकारी, नेमणुकीने कंत्राटी. बचतगटांचं काम शिकायला उत्तम, पण गृहकर्ज काढताना बँक नेमणूकपत्र वाचते, अभियानाचं बोधचिन्ह बघत नाही.

मन ठरत नसेल तर वर्षभराची चाचणी घेता येते. मुख्यमंत्री फेलोशिपमध्ये २१ ते २६ वयाचे पदवीधर सरकारी कार्यालयात वर्षभर काम करतात. गडचिरोलीच्या ‘सर्च’ या संस्थेचा ‘निर्माण’ हा उपक्रम २००६ पासून तरुणांसाठी चालतो. पुढे समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं तर मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था (१९३६) आणि पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था ही जुनी नावं आहेत.

निवडणूक

हिला करिअर म्हणणं धाडसाचं आहे. २०२४ च्या वाढीनंतर सरपंचाचं मानधन लोकसंख्येनुसार ६,०००, ८,००० किंवा १०,००० रुपये. येणाऱ्या पाहुण्यांच्या चहातच त्यातला बराचसा भाग जातो. म्हणजे पोट भरणारी शेती, दुकान किंवा घरात दुसरा कमावता हवाच. हिवरे बाजारसारखी उदाहरणं सगळे सांगतात. तिथलं काम दशकानुदशकांचं आहे हे कोणी सांगत नाही.

सर्वांत मोठी अनिश्चितता तुमच्या हातात नसते. सोडतीत प्रभागाचं किंवा सरपंचपदाचं आरक्षण बदललं की पाच वर्षांची तयारी वाया जाते. निवडणूकच लांबली तर? मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि पुढे काही वर्षं तिथे प्रशासक होता. दुसऱ्या अनेक महापालिका आणि जिल्हा परिषदाही त्याच रांगेत होत्या.

निवडून आल्यावरची पदं बऱ्याचदा कागदी कारणांनी जातात: १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे संख्या दोनपेक्षा जास्त होणं, जातपडताळणी मुदतीत न होणं, निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशोब न देणं, थकलेला कर आणि सरकारी जागेवरचं अतिक्रमण. शेवटच्यात २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कुटुंबीयांनी केलेलं अतिक्रमणही भोवतं. वडिलांनी गायरानात टाकलेला गोठा मुलाची सदस्यता घालवू शकतो. ग्रामपंचायतीच्या ठेक्यात हितसंबंध असला तरी तीच गत, म्हणून स्वतःची संस्था चालवून तिच्याच नावाने गावची कामं घेणाऱ्यांनी आधी वकिलाला गाठावं.

कोणत्या वाटेवरून परत फिरता येतं, हेही पाहा. संस्थेतून स्पर्धा परीक्षेकडे वयोमर्यादेपर्यंत येता येतं. नोकरीतून निवडणुकीकडे जायचं तर राजीनामा द्यावा लागतो. सरपंचपदाची दोन टर्म केलेल्या माणसाला भरतीचं दार बहुधा बंद झालेलं असतं. म्हणून पंचविशीच्या आत आणि घरची जबाबदारी हलकी असेल तर आधी संस्था. घर तुमच्यावर असेल तर आधी परीक्षा. शेती किंवा धंदा बसलेला असेल आणि गावात माणसं जोडलेली असतील तरच निवडणूक.

फॉर्म भरण्याआधी ई-ग्रामस्वराजवर आपल्या गावचा मागच्या तीन वर्षांचा आराखडा आणि झालेला खर्च उघडा, तो कागदावर उतरवून घ्या आणि पुढच्या ग्रामसभेला जाऊन बसा. आकड्यांत फरक दिसला की तुम्हाला वही तपासावीशी वाटते, उठून प्रश्न विचारावासा वाटतो की बाहेर येऊन चार जणांना गोळा करावंसं वाटतं, ते तिथे बसल्या जागी लक्षात येईल.