ट्रॅप कॅमेऱ्यांसोबत आठ महिने: मेगापिक्सेलपेक्षा फ्लॅश बघा

अभयारण्यातल्या बिबट्यांच्या नोंदीसाठी आमचा गट रीतसर परवानगी घेऊन आठ महिने ट्रॅप कॅमेरे, म्हणजे जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, वापरतोय. खरेदीच्या वेळी मी मेगापिक्सेल बघत होते. आज घ्यायचे झाले तर आधी फ्लॅश विचारेन.

आमचे निम्मे कॅमेरे इन्फ्रारेड, निम्मे पांढऱ्या झेनॉन फ्लॅशचे. इन्फ्रारेडचा उजेड जनावराला फारसा जाणवत नाही, पण रात्री चालत्या बिबट्याचे ठिपके फरफटलेले येतात. बिबट्या आला एवढं कळतं, कोणता ते कळत नाही. आणि बिबटे मोजायचं सगळं गणित एकेक बिबट्या ओळखण्यावरच उभं आहे. 1990 च्या दशकात व्याघ्र-अभ्यासक उल्लास कारंथांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत वाघ मोजले तेही पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखूनच. झेनॉनच्या फोटोत ठिपके सुटे दिसतात. काळ्या बिबट्याचं मात्र उलट: त्याचे ठिपके इन्फ्रारेडमध्ये नीट उमटतात. मलेशियात संशोधकांनी त्यासाठी कॅमेऱ्याला रात्रच वाटावी म्हणून त्याचा प्रकाश-सेन्सर झाकून दिवसाही इन्फ्रारेड चालू ठेवला होता. मला ही युक्ती फार आवडली.

हालचालीचा सेन्सर उष्णतेतला फरक टिपतो. भर उन्हात जमीन जनावराच्या अंगाइतकी तापली की ते समोरून गेलं तरी फोटो नाही, आणि डुलणाऱ्या तापल्या गवताने कार्ड भरून जातं. म्हणून आधी गवत काढायचं, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर बांधायचा, तोंड उगवत्या-मावळत्या सूर्याकडे ठेवायचं नाही. थंडीत लिथियम सेलच टिकले. पावसाळ्यात ओल शोषणारं सिलिका जेल हवंच.

सर्वात जास्त त्रास घड्याळाने दिला. सेल बदलले की काही कॅमेरे मूळ तारखेवर जातात. एका ठिकाणचे तीन आठवड्यांचे फोटो त्यामुळे नोंदीत धरताच आले नाहीत. आता तारीख-वेळ लिहिलेली पाटी धरूनच पहिला फोटो काढतो.

कॅमेरे कमी पडले तर ठिकाणं कमी करा, पण पायवाटेच्या दोन्ही बाजूंना, किंचित पुढे-मागे, एकेक कॅमेरा लावाच. बिबट्याच्या डाव्या-उजव्या कुशीवरची नक्षी वेगळी असते. सुरुवातीला आम्ही काही ठिकाणी एकच लावला होता. पाच महिने आमच्या यादीत दोन माद्या होत्या, एकीची फक्त डावी बाजू, दुसरीची फक्त उजवी. सहाव्या महिन्यात जोडीतल्या दोन्ही कॅमेऱ्यांनी एकाच वेळी फोटो काढला आणि दोन्ही नक्ष्या एकाच अंगावर निघाल्या. त्या रात्री यादीतली एक मादी आम्ही खोडली.