बेळगावात शिवून मिळणारा कुस्तीचा सिंगलेट: शिलाई चोख, पाठीवरची अक्षरं मात्र तपासून घ्या

मॅटवरच्या कुस्तीला सिंगलेटचा, म्हणजे अंगाला घट्ट बसणाऱ्या एकसंध पोशाखाचा, जोड लागतो, एक लाल आणि एक निळा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या तालमींना तो आता बेळगावच्या बाजारपेठेतच मापाने शिवून, छापून मिळतो. हा अभिप्राय तिथल्या एका लहान दुकानाच्या कामाबद्दल आहे. कापणी, छपाई, शिलाई सगळं एकाच जागी होतं. जोडाला १,९०० रुपये, नाव छापून. दहा जोड एकदम घेतले तर प्रत्येकी १,६५०. वेळ आठ दिवस सांगतात आणि पाळतात.

कापडाला पूर्ण गुण. पॉलिस्टर-स्पॅन्डेक्स, ज्याला बाजारात सरसकट लायक्रा म्हणतात, ते वजनदार वापरलं आहे. हे ओळखायची खूण सोपी आहे. मांडीजवळचं लाल कापड दोन्ही अंगठ्यांनी ताणून उजेडात धरा. हलक्या मालात लाल लगेच गुलाबी दिसायला लागतं, कारण सब्लिमेशनची, म्हणजे उष्णतेने कापडात उतरवायच्या छपाईची, शाई पांढऱ्या कापडाच्या वरच्या अंगाला बसते आणि ताण पडला की आतला पांढरा धागा डोकावतो. इथे तसं फारच थोडं होतं. शिवणी फ्लॅटलॉकच्या, दोन्ही बाजूंनी सपाट. आसनाची शिवण, जिथे पट काढताना, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या पायाला धरताना, सगळा ताण येतो, ती दुहेरी घातली आहे. मांडीच्या घेराला आतून सिलिकॉनची पट्टी आहे, त्यामुळे कापड वर गुंडाळत नाही. मुलींसाठी पुढून-मागून उंच गळ्याचा वेगळा काप आहे. मुलांचाच सिंगलेट आखूड करून माथी मारत नाहीत, हे मुद्दाम नोंदवण्यासारखं.

माप घेण्यात मात्र कसर राहते. छाती, कंबर आणि मांडी एवढ्यावर काम भागवतात. सिंगलेटचं खरं माप चौथं: खांद्याच्या मध्यावरून टेप पुढून खाली, दोन्ही पायांमधून मागे आणि परत त्याच खांद्यापर्यंत. धडाचा हा वेढा कमी पडला की पट्टे खांद्यात रुततात, जास्त झाला की प्रतिस्पर्ध्याच्या बोटांत कापड सापडतं. हे माप स्वतः सांगून लिहून घ्यायला लावा. वजन उतरवलेल्या दिवशी माप देऊ नका, रोजच्या वजनावर द्या. वाढत्या वयाच्या पोरासाठी वेढ्यात दोन-तीन सेंटिमीटर सोडले की पुरे, त्याहून जास्त नको.

आता पाठीकडे वळू, कारण दुकान सर्वांत जास्त चुकतं ते तिथे.

काउंटरवर ठेवलेल्या नमुन्यांत सर्वांत उठावदार जो आहे त्याच्या पाठीवर आय-एन-डी ही तीन अक्षरं, मांडीवर तिरंगा आणि लाल अंगाला निळ्या बाजूपट्ट्या आहेत. पोरं हाच मागतात, आणि दुकान कुणालाही, काही न विचारता, तो छापून देतं. या एका नमुन्यात तीन चुका आहेत.

पहिली रंगाची. जागतिक कुस्ती संघटना, म्हणजे युनायटेड वर्ल्ड रेसलिंग, हिच्या नियमात लाल आणि निळ्याची सरमिसळ चालत नाही. पंच आणि गुणफलक दोघंही रंगावरून पैलवान ओळखतात, तेव्हा लालवर निळी पट्टी हा घोटाळाच. बाजूपट्टी हवीच असेल तर काळी किंवा पांढरी घ्या.

दुसरी चूक तिरंग्याची, आणि ती गंभीर आहे. राष्ट्रीय प्रतिष्ठा अवमान प्रतिबंधक कायदा १९७१ चा. त्यात नंतर झालेल्या दुरुस्तीनुसार गणवेशाचा भाग म्हणून तिरंगा कमरेच्या खाली वापरता येत नाही. म्हणजे मांडीवर नाहीच. छातीवर घ्यायचा तर लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२ ठेवा: सहा सेंटिमीटर लांब, चार सेंटिमीटर उंच. चक्र गडद निळं आणि आऱ्या चोवीस. एवढ्या लहान आकारात चक्र सव्वा सेंटिमीटरच्या आतबाहेर येतं आणि छपाईत आऱ्या एकमेकींत मिसळून निळा ठिपका उरतो. नमुन्यावर नेमकं तेच झालंय. फाइल जास्त रिझोल्यूशनची द्यायला सांगितली की आऱ्या सुट्या येतात, म्हणजे मशीन चांगलं आहे, फाइल वाईट आहे. झेंड्यावर कुठलंही अक्षर छापू देऊ नका. ध्वजसंहितेत त्याला मनाई आहे.

तिसरी चूक त्या तीन अक्षरांची. आंतरराष्ट्रीय नियमात छातीवर देशाचं चिन्ह, पाठीवर देशाचं तीन अक्षरी संक्षिप्त नाव जास्तीत जास्त १० बाय १० सेंटिमीटरमध्ये, आणि त्याच्या वर रोमन लिपीत आडनाव, अशी मांडणी आहे. पण सिंगलेट त्या संघटनेनेच मान्य केलेला लागतो. भारतीय संघात निवड झालेल्या पैलवानाला तो संघाबरोबर मिळतो, बेळगावात शिवलेला तिथे चालत नाही. तेव्हा तालुका आणि जिल्हा पातळीवर आय-एन-डी लिहून उतरण्याला नियमाचा आधार नाही, आणि ज्यांनी ती अक्षरं मिळवली त्यांच्याशी ते न्यायाचंही नाही.

ती किती मोलाची आहेत ते २०२३ मध्ये दिसलं. भारतीय कुस्ती महासंघाच्या निवडणुका वेळेत झाल्या नाहीत म्हणून जागतिक संघटनेने ऑगस्टमध्ये महासंघाला निलंबित केलं. सप्टेंबरात बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत भारतीय मल्लांना भारताच्या नावाने उतरता आलं नाही. अंतिम पंघालने ५३ किलोत कांस्य जिंकलं, तेसुद्धा तटस्थ खेळाडू म्हणून. पैलवान तीच, डाव तेच, पाठीवर देश नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रशिया आणि बेलारूसचे खेळाडू ए-आय-एन, म्हणजे वैयक्तिक तटस्थ, या अक्षरांखाली उतरले. त्यांच्यासाठी ना झेंडा, ना राष्ट्रगीत. ज्या गोष्टीसाठी एवढा हिशेब मांडला जातो ती काउंटरवर मागेल त्याला मिळू नये. दुकानाने एवढं जरी विचारलं, ‘कुठल्या संघटनेकडून उतरणार?’ तरी निम्म्या चुका टळतील.

सीमाभागात तर हा प्रश्न विचारलाच पाहिजे, कारण इथल्या पैलवानाची उत्तरं एकाहून जास्त असतात. राष्ट्रीय स्पर्धेत तो कर्नाटककडून उतरतो, मातृभाषा मराठी असली तरी. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर बेळगावातच आहे. सैन्यात गेलेला मल्ल सर्व्हिसेसकडून उतरतो, रेल्वेत लागलेला रेल्वेकडून. म्हणून पाठीचा मजकूर प्रवेशअर्जावर जो संघ लिहिला आहे तोच छापा, भावनेने बदलू नका. बेळगाव की बेळगावी हा वादही अर्जापुरता तिथेच मिटतो: १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी आहे आणि स्पर्धेच्या कागदावर तेच येतं. गावच्या मैदानाच्या ट्रॅकसूटवर बेळगाव लिहायला कुणाची आडकाठी नाही, आणि ते जरूर लिहावं. मातीच्या मैदानात लांग आणि लंगोटच असतो, तिथे पाठीचा प्रश्नच येत नाही.

या मातीतून देशाकडून खेळलेली माणसं मोजायची तर १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकपासून मोजावी लागतात. बेळगावचे फडेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. तेव्हा देश पारतंत्र्यात होता. १९६४ च्या टोकियोत सुवर्ण जिंकणाऱ्या हॉकी संघात बेळगावचे बंडू पाटील होते. तुरमुरीच्या मलप्रभा जाधवने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश या मध्य आशियाई कुस्तीप्रकारात कांस्य मिळवलं. तालमीतल्या पोरांना ही नावं पाठ हवीत. त्या तीन अक्षरांचं वजन त्यांना मग कापडावरून शिकावं लागणार नाही.

चौगुले आडनावावरूनच नावाच्या छपाईकडे येता येतं. रोमन लिपीत ते कुणी सी-एच-ए-यू ने लिहितो, कुणी सी-एच-ओ-यू ने, आणि कन्नड शाळेच्या दाखल्यावरून आधारवर गेलं की कधी चौगला होतं. दुकान तोंडी सांगितलेलं ऐकून टाइप करतं. तसं करू देऊ नका. पासपोर्ट असेल तर पासपोर्टवरचं, नसेल तर नोंदणीपत्रावरचं स्पेलिंग कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या आणि छपाईआधी मोबाइलवर पडताळणीचं चित्र मागवा. इकडच्या बऱ्याच पासपोर्टांत आडनावाचा रकाना रिकामाच असतो आणि सगळं नाव दुसऱ्या रकान्यात. पुढे परदेशी स्पर्धेला जायचं असेल तर ते आधीच दुरुस्त करा. कुस्ती ठरल्यावर धावपळ करून ते होत नाही.

पासपोर्टचा विषय निघालाच आहे तर शेजारच्या गोव्याचीही आठवण ठेवा. तिथल्या कुणी पोर्तुगीज पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व जातं, आणि ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणाऱ्या कार्डावर, भारताकडून खेळता येत नाही. २००८ पासून केंद्र सरकारची भूमिका तीच आहे. एका देशाकडून खेळून दुसऱ्या देशाकडून ऑलिंपिकला उतरायचं तर ऑलिंपिक सनदेप्रमाणे साधारण तीन वर्षं थांबावं लागतं. घरात असा विचार चालू असेल तर पोराच्या खेळाचा हिशेब आधी मांडा.

छपाईचा शेवटचा दोष तांत्रिक आहे. आठ दिवसांत दिलेल्या मालात नाव सब्लिमेशननेच येतं: पांढऱ्या कापडावर सगळीकडे लाल छापून अक्षरांची जागा कोरी सोडतात. ते टिकतं. पण नाव उशिरा दिलं तर तयार लाल सिंगलेटवर पांढरं विनाइल गरम प्रेसने चिकटवतात. उष्णतेने खालचा लाल रंग विनाइलमध्ये चढतो आणि थोड्याच दिवसांत अक्षराच्या कडा गुलाबी होऊ लागतात. शिवाय विनाइल न ताणणारं असेल तर पाठ रुंदावली की अक्षराला उभ्या भेगा जातात. घाईच असेल तर रंग रोखणारं, ताण घेणारं विनाइल आणि कमी तापमान मागा. दीडशे रुपये जास्त पडतात, ते द्यावेत. पाठीवरच्या संघाच्या अक्षरांची उंची सपाट मापात नऊ सेंटिमीटरच ठेवा, अंगावर ताणून ती वाढते.

ज्युदोच्या पोशाखावरची पाठपट्टीही हे दुकान करतं. जिल्हा पातळीला ठीक आहे. आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघाच्या स्पर्धांना अधिकृत पुरवठादाराचीच पट्टी लागते, तिथे ही वापरू नका.

धुणं: त्याच दिवशी, थंड पाण्यात, उलटा करून. ब्लीच नाही, कंडिशनर नाही, पिळणं नाही, सावलीत वाळवणं. घामट सिंगलेट पिशवीत रात्रभर कोंबून ठेवला तर लायक्रा सैल पडतो आणि नायटा एकाचा दुसऱ्याला लागतो. तालमीत नायटा शिरला की पंधरा-पंधरा दिवस मॅट बंद ठेवावी लागते.

शिलाईसाठी हे दुकान निर्धास्त निवडा. ऑर्डर देताना सांगायचं एवढंच: धडाचा वेढा टेपने, बाजूपट्टी काळी, मांडी कोरी, पाठीवर प्रवेशअर्जातला संघ, आडनाव लिहून दिलेल्या कागदावरून.