डोंगरी गोरिला पाहायला: रवांडा, ब्विंडी की म्गाहिंगा?

अर्धा निर्णय परवान्याची किंमतच करते. रवांडाच्या व्होल्कॅनोज राष्ट्रीय उद्यानात माणशी 1,500 डॉलर. युगांडात ब्विंडी आणि म्गाहिंगा या दोन्ही राष्ट्रीय उद्यानांत 800. नियम जवळपास सारखेच: गोरिलांच्या एका कुटुंबाकडे दिवसाला आठ पर्यटक, गोरिला सापडल्यावर एक तास, वय किमान 15. सर्दी-खोकला असेल तर प्रवेश नाही. आपलं साधं पडसं गोरिलाच्या जिवावर बेतू शकतं, तेव्हा तिथे गयावया करून उपयोग नाही.

मात्र 700 डॉलरची बचत पुरती हाती लागत नाही. रवांडाची राजधानी किगालीहून उद्यानाचं किनिगीतलं मुख्यालय अडीच तासांवर. युगांडाच्या एंटेबे विमानतळाहून ब्विंडी आठ ते दहा तास. जाऊन-येऊन दोन दिवस, गाडीभाडं आणि मुक्काम वाढले. त्यापेक्षा किगालीला उतरून सीमा ओलांडावी आणि ब्विंडीच्या दक्षिणेचं रुशागा गाठावं. 100 डॉलरचा पूर्व आफ्रिका पर्यटक व्हिसा रवांडा, युगांडा, केनिया तिन्हीकडे चालतो. अर्ज मात्र आधी जिथे उतरणार त्या देशाकडे करायचा.

ब्विंडीत लोक फसतात ते नकाशा न बघितल्याने. बुहोमा, रुहिजा, रुशागा, न्कुरिंगो असे चार सेक्टर, आणि परवाना त्यांतल्या एकाचाच. खोली बुहोमात आणि परवाना रुशागाचा असेल, तर भल्या पहाटे काही तास कच्च्या घाटरस्त्यावर. म्हणून आधी परवाना, मग खोली. रवांडात सगळे सकाळी सातला किनिगीत जमतात, गट तिथेच पाडतात. गुडघे कुरकुरत असतील तर तेव्हाच सांगा. जवळचं कुटुंब मिळू शकतं.

ब्विंडी बाकी दोन उद्यानांसारखं ज्वालामुखीवर नाही. तिथे उभ्या दऱ्या, चिखल, दाट झाडी आणि फोटोला उजेड कमी. फ्लॅशला तर बंदीच. रवांडात शेतांतून बांबूच्या रानात शिरायचं, पुढे अंग झोंबवणारी नेटलची झुडपं. सुरुवातच कळसूबाईच्या माथ्यापेक्षा (1,646 मीटर) वरून होते, त्यामुळे धाप लवकर लागते. ज्वालामुखीचा उतार हवा पण 1,500 परवडत नाहीत, त्यांच्यासाठी म्गाहिंगा. पण तिथे माणसांना सरावलेलं न्याकागेझी हे एकच कुटुंब, म्हणजे दिवसाला आठच जागा.

रजा चारच दिवसांची असेल तर रवांडा. आठवडा असेल तर आमचं मत रुशागाला.

कुठेही गेलात तरी बागकामाचे हातमोजे, मोज्यांत खोचलेली पूर्ण पँट आणि पोर्टर घ्याच. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी टोचून घ्या; दाखला नसेल तर परतल्यावर भारतातच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात अडकाल.