रक्तविकार आणि औषधांचे दुष्परिणाम: उजळणी कोणत्या बाजूने करावी?

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षी पॅथॉलॉजी आणि फार्माकॉलॉजी सोबतच शिकवले जात असल्यामुळे डॅप्सोन हे नाव एका वहीत हिमोलिसिसचे (तांबड्या पेशी फुटण्याचे) कारण म्हणून येते आणि दुसऱ्या वहीत कुष्ठरोगावरील औषध म्हणून. परीक्षा तोंडावर आली की प्रश्न पडतो तो हा, की विकारानुसार औषधे मांडलेली वही उघडावी की औषधानुसार दुष्परिणाम मांडलेली.

विकाराच्या बाजूने गेल्यास यंत्रणा समजते आणि पाठांतर बरेच कमी होते. मेथोट्रेक्सेट, ट्रायमेथोप्रिम आणि फेनिटॉइन ही एरवी एकमेकांशी संबंध नसलेली औषधे मेगॅलोब्लास्टिक ॲनिमियाच्या (तांबड्या पेशी अवाजवी मोठ्या होणाऱ्या रक्तक्षयाच्या) पानावर फोलेट या जीवनसत्त्वाच्या दुव्यामुळे एकत्र येतात. मेथोट्रेक्सेटच्या मोठ्या मात्रेनंतर साधे फोलिक ॲसिड न देता फोलिनिक ॲसिडच का द्यायचे, याचे उत्तरही तिथेच मिळते, कारण मेथोट्रेक्सेटने अडवलेल्या डायहायड्रोफोलेट रिडक्टेज या विकराची (एन्झाइमची) फोलिनिक ॲसिडला गरजच पडत नाही. आयसोनियाझिड या क्षयरोगावरील औषधामुळे पायरिडॉक्सिन (जीवनसत्त्व बी-६) कमी पडते, त्याशिवाय एएलए सिंथेज हे विकर चालत नाही, हिमोग्लोबिनमधील हीम तयार होत नाही आणि लोह मायटोकॉन्ड्रियात साचून रिंग सिडेरोब्लास्ट (केंद्रकाभोवती लोहाचे कडे असलेल्या पेशी) दिसतात; ही साखळी एकदा समजली की ती वेगळी पाठ करावी लागत नाही.

या पद्धतीचा खरा लाभ जी-६-पीडी या तांबड्या पेशींतील विकराच्या कमतरतेच्या पानावर दिसतो. प्रायमाक्विन (हिवतापावरील औषध) आणि डॅप्सोनमुळे होणारे हिमोलिसिस, हाइन्झ बॉडीज (पेशींत साचलेले बिघडलेले हिमोग्लोबिन) आणि बाइट सेल्स (चावा घेतल्यासारख्या दिसणाऱ्या पेशी) हे सारे या विकरामुळे तयार होणाऱ्या, पेशींचे रक्षण करणाऱ्या एनएडीपीएचच्या तुटवड्यातून उलगडते. डॅप्सोनमुळे मेथहिमोग्लोबिनेमिया (हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहू न शकणे) झालेल्या रुग्णाला मिथिलीन ब्लू द्यावे, पण त्याला ही कमतरता असेल तर देऊ नये, हा परीक्षकांचा आवडता सापळाही त्याच सूत्राने सुटतो: मिथिलीन ब्लूला काम करण्यासाठी एनएडीपीएच लागते, आणि ते नसताना हे औषध स्वतःच हिमोलिसिस घडवू शकते.

औषधाच्या बाजूने केलेली यादी मला एरवी रुक्ष वाटते (आणि रंगीत पेनांनी सजवली म्हणून ती लक्षात राहते असेही नाही), परंतु जिथे यंत्रणेवरून परिणामाचा अंदाज बांधता येत नाही तिथे तिला पर्याय नाही. क्लोझापिन (मनोविकारावरील) आणि कार्बिमाझोल (थायरॉइडवरील) यांच्यापुढे ॲग्रॅन्युलोसायटोसिस (पांढऱ्या पेशींची तीव्र घट) लिहून, ताप किंवा घसा दुखणे सुरू होताच रक्तपेशींची मोजणी करावी, हे सरळ पाठच करावे लागते. व्हायवातही (तोंडी परीक्षेतही) परीक्षक बहुधा औषधाचे नाव घेऊनच विचारतात. क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक दोन्ही वह्यांत हवे: मात्रेशी निगडित आणि औषध थांबवल्यावर सुधारणारे अस्थिमज्जेचे दमन विकाराच्या वहीत, तर मात्रेशी संबंध नसलेला, उपचार संपल्यावरही उद्भवू शकणारा ॲप्लास्टिक ॲनिमिया (मज्जेत रक्तपेशी तयार होणेच थांबणे) औषधांच्या वहीत.

त्यामुळे महिनाभर हाताशी असेल तर विकाराची वही घ्यावी. आठवडाच उरला असेल तर औषधांची, आणि तीही अंदाज न बांधता येणाऱ्या दुष्परिणामांपुरतीच.

हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधासाठी मात्र स्वतंत्र पान ठेवावे. त्यामुळे काही रुग्णांत पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास प्लेटलेट्स घटतात, तरीही धोका रक्तस्रावापेक्षा गुठळीचाच अधिक असतो. अशा वेळी हेपॅरिन थांबवून लगेच नुसते वॉर्फरिन सुरू केल्यास गुठळी रोखणारे प्रोटीन सी आधी खाली येते आणि गुठळ्यांचा धोका आणखी वाढतो. म्हणून आधी आर्गॅट्रोबानसारखे, थ्रॉम्बिनला थेट अडवणारे औषध लिहावे.